रॉड्रिग्ज आडनाव आलं कुठून?

वसईत किंवा गोव्यात तुमचा एखादा रॉड्रिग्ज किंवा फर्नांडिस मित्र असेलच. "पोर्तुगीज आडनाव" म्हणून आपण विषय संपवतो. पण पोर्तुगालच्याही मागे गेलं, की भेटतात जर्मानिक टोळ्या.

या लोकांची नावं बहुतेकदा दोन तुकडे जोडून बनायची. थेट स्ट्रिंग कॉन्कॅटनेशन! 'ह्रोथ' म्हणजे कीर्ती, 'रिक' म्हणजे सत्ताधीश. जोडा, झाला रॉडरिक. इ.स. ४१० मध्ये रोम लुटणाऱ्या अलारिकच्या नावातही हाच 'रिक' आहे, आणि आपला 'राजा' त्याचा लांबचा चुलतभाऊ बरं का. जोडलेल्या नावाला अर्थ लागलाच पाहिजे असा मात्र नियम नव्हता. फ्रँक राणी फ्रेडेगुंड, म्हणजे 'शांती' अधिक 'युद्ध'! बाळाच्या नावात आईबापाच्या नावांचे तुकडे यायचे, एवढंच.

पाचव्या शतकात स्वेबी आणि व्हिसिगॉथ टोळ्या आजच्या स्पेन-पोर्तुगालमध्ये शिरल्या. राज्य केलं, पण हळूहळू भाषा लॅटिन स्वीकारली. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम फौजेने त्यांचा राजा हरवला. त्याचंही नाव रॉडरिकच. राज्य गेलं, भाषा तर आधीच सुटलेली. नावं तेवढी टिकली. रॉडरिकचा झाला रॉड्रिगो, आणि मध्ययुगात त्याचा मुलगा रॉड्रिग्ज. शेवटचा तो '-स' म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. फर्नांडोचा फर्नांडिस, हेन्रिकचा हेन्रिक्स, तसंच.

मग १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला (अफोन्सो हेही गॉथिक वळणाचंच नाव), आणि १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. बाप्तिस्मा घेताना नवं नाव मिळायचं आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं लागायचं. रक्ताचा संबंध शून्य. तरीही आज या लोकांना "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं जातं, तेही त्यांच्याच गावात. मला हा प्रश्न फार आगाऊ वाटतो. कारण वसईतला कुपारी रॉड्रिग्ज घरी कादोडी, म्हणजे सामवेदी बोलतो, आणि ती मराठीचीच बोली आहे. गॉथ लोकांनी भाषा सोडली, नावं ठेवली. इथे उलटं झालं: नावं बदलली, भाषा ठेवली.

पुढच्या भागात गावांच्या नावांतले 'हाइम' आणि 'बुर्ग'. भेटूच!