जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचंय? आधी प्रिंटरचा इतिहास ऐका

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची साथ सोडली. काही अटींवर मुदतवाढ ठेवली, पण तीही तात्पुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असला तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आता आपल्या पिंपळगावातल्या शाळा, पतसंस्था, सेवा केंद्रं आणि मिरचीच्या आडतीवरचे हिशेबाचे कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. बरेचसे त्याआधीचे. डबा धडधाकट आहे, पण कागदोपत्री म्हातारा ठरलाय.

म्हणून हल्ली रोज कुणीतरी विचारतं, "भाऊ, त्याच्यात लिनक्स टाकून देता का? फुकट असतं म्हणे." मी म्हणतो, देतो, पण आधी मशीन आणि त्याला जोडलेलं सगळं सामान बघू द्या. "कामून? सॉफ्टवेअर टाकायला सामान कशाला बघायचं?" या कामूनचं उत्तर पंचेचाळीस वर्षं जुनं आहे.

ट्रॅक्टरचं उदाहरण घेऊ. रोटाव्हेटर एका कंपनीचा, ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचा, तरी मागच्या तीन सांध्यांवर तो बसतो, कारण त्या जोडणीची मापं सगळ्यांनी ठरवून घेतलीत आणि ती उघड आहेत. कॉम्प्युटरमध्ये ही जोडणी अर्धीच लोखंडाची असते. उरलेली अर्धी म्हणजे ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम. वायफायच्या चिपला, प्रिंटरला, स्क्रीनच्या कार्डाला कोणत्या भाषेत हुकूम द्यायचा, ते ड्रायव्हरला माहीत असतं. ती भाषा कंपनीने उघड केली तर कुणीही ड्रायव्हर लिहू शकतो. नाही केली तर कंपनी ज्या प्रणालीसाठी लिहून देईल तीवरच ती वस्तू चालणार. लिनक्स "चालत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा भानगड एवढीच असते.

मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळच मुळात एका प्रिंटरवरून उभी राहिली, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९८० च्या आसपास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. कागद अडकला की लोकांना कळायचं नाही, मग हेलपाटे. रिचर्ड स्टॉलमन तिथं प्रोग्रामर होता. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्याने फेरफार करून ठेवले होते, कागद अडकला की स्क्रीनवर निरोप यायचा. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रामची मूळ प्रत मात्र त्याला मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे ती होती, त्याने दिली नाही, कारण कंपनीला न देण्याचा शब्द दिलेला. १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, तेव्हाच सांगून टाकलं होतं की हा बहुधा फक्त एटी जातीच्या हार्ड डिस्कवरच चालेल, कारण माझ्याकडे तेवढीच आहे. थोडक्यात, सामान जुळण्याचा प्रश्न लिनक्सच्या बारशालाच हजर होता.

आपल्याकडं या गोष्टीला वेगळाच फाटा फुटला. इथं आधी मराठीच कॉम्प्युटरला जुळत नव्हती. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. आयआयटी कानपूरला झालेलं भारतीय लिप्यांचं काम तिथं पुढं गेलं आणि जिस्ट कार्ड आलं. मदरबोर्डच्या खाचेत बसवायचं हे खरंखुरं कार्ड. ते बसवलं की डॉसवरच्या प्रोग्राममध्ये देवनागरी दिसायची. कार्ड काढलं की मराठी गेली. काम मोठंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण भाषा एका विकत घ्यायच्या तुकड्यावर टांगलेली राहिली. पुढं विंडोजच्या जमान्यात तेच दुखणं फॉन्टमध्ये शिरलं. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसती किडामुंगी. सरकारी कचेरीत ज्यांनी कागद नेलेत त्यांना हे सांगायला नको.

लिनक्सवर मराठी नीट दिसावी म्हणून मुंबईत एनसीएसटीने इंडिक्स नावाचं काम केलं, इंडलिनक्सची मंडळी स्वतःच्या हौसेने राबली, २००४ मध्ये रेड हॅटने लोहित फॉन्ट खुले केले. "वाऱ्यावर" किंवा "दऱ्या" लिहिताना जो आडवा अर्धा र लागतो, तो दिसायला फॉन्ट आणि अक्षरजुळणी करणारा प्रोग्राम दोन्ही बरोबर असावे लागतात. परदेशातल्या प्रोग्रामरला हा र आहे हेच सांगावं लागतं, आणि ते सांगायला मराठी माणूसच लागतो. आज कुठलंही लिनक्स टाका, युनिकोड आणि इनस्क्रिप्ट आयतं मिळतं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला आपला खरा विजय हाच, आणि त्याचा गाजावाजा कुणीच केला नाही.

भारतात लिनक्स घरोघर नेण्यात ज्यांचं नाव घ्यावंच लागेल ते अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, इंजिनिअरिंग बेळगावच्या गोगटे कॉलेजात. १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी वाटण्याचा उपक्रम त्यांनी चालवला. जेव्हा इंटरनेट फोनच्या तारेवरून थेंबाथेंबाने यायचं, तेव्हा अख्खी प्रणाली उतरवून घेणं कुणाला परवडणार होतं? मासिक घेतलं की सीडी हातात. २०१३ मध्ये ते गेले.

पण सीडी मिळाली तरी पुढं मोडेम आडवा यायचा. जुना बाहेरचा मोडेम स्वतःच्या डोक्याने चालायचा, ठरलेले हुकूम समजायचा, कुठल्याही प्रणालीवर लागायचा. नव्वदीच्या शेवटाला स्वस्त विनमोडेम आले. त्यांच्यातली अर्धी अक्कल काढून कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर टाकलेली, आणि ती चालवणारा प्रोग्राम विंडोजपुरता. लिनक्सवर ते मुके. म्हणजे इंटरनेट नाही, आणि ड्रायव्हर मात्र इंटरनेटवर! बेल्हेकर चाललं उलटं, असं म्हणायची पाळी. पुढं हाच प्रकार ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपनी केला. लोकांनी चिपचं वागणं बाहेरून न्याहाळून ड्रायव्हर लिहिले, त्यात वर्षं गेली, आणि २०१० मध्ये कंपनीने आपल्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला.

उलट बाजूचं उदाहरणही महाराष्ट्रातच घडलंय. २००७ मध्ये रायगडच्या कर्जत भागातल्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. आत लिनक्स. तिथं ड्रायव्हरची शोधाशोध नव्हती, कारण वस्तू आणि प्रणाली एकमेकांसाठीच घडवलेल्या. स्क्रीन उन्हातही वाचता यायची. तरीसुद्धा वायफायच्या चिपमधला आतला प्रोग्राम बंदच राहिला होता, आणि त्यावरून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी भांडण काढलंच. हा प्रकल्प देशभर पसरला नाही, केंद्राच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच नकार कळवला होता. ती चर्चा वेगळी.

आता आजचं बोलू. वायफायचं दुखणं बरंच कमी झालंय. डेबियनच्या लोकांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन असे बंद प्रोग्राम इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आयते येतात. तरी वायफाय लागलं नाहीच, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

दुसरी अडचण म्हणजे इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. लोक समजतात डिस्क गेली. बायोसमध्ये स्टोरेज 'रेड' किंवा 'आरएसटी'वर ठेवलेलं असतं, ते 'एएचसीआय' करावं लागतं. पण त्याच मशीनवर विंडोजही ठेवायचं असेल तर घाईने बदलू नका, नाहीतर विंडोज उठायचं नाही.

प्रिंटर मात्र १९८० पासून आजतागायत प्रिंटरच आहे. झेरॉक्सच्या दुकानात आणि सेवा केंद्रात ठाण मांडून बसलेला कॅननचा एलबीपी २९०० घ्या. मजबूत, टोनर स्वस्त, म्हणून सगळ्यांकडे. पण पानाची आखणी तो स्वतः करत नाही, कॉम्प्युटरने करून त्याच्या खास भाषेत पाठवावी लागते. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, पण बंद स्वरूपात. मग लोकांनी स्वतःचा खुला ड्रायव्हर लिहायला घेतला. नेटवर्कवर चालणारे, मोबाइलवरून थेट प्रिंट घेणारे नवे प्रिंटर त्या मानाने गुणी, त्यांना बहुधा वेगळा ड्रायव्हरच लागत नाही.

आणि अंगठ्याचं मशीन. आधारसाठी २०१७ पासून 'रजिस्टर्ड डिव्हाइस'चा नियम आहे, म्हणजे मशीनसोबत कंपनीचा प्रमाणित प्रोग्रामही हवाच. तुमच्या मॉडेलसाठी तो लिनक्सवर मिळतोय का हे पाहिल्याशिवाय सेवा केंद्राचा कॉम्प्युटर बदलायला मी हात लावत नाही. तिथं लोकांचं रेशन आणि पेन्शन अडकतं. प्रयोग करायला शाळेची लॅब आहे, टायपिंगचं मशीन आहे, घरचा लॅपटॉप आहे.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स वापरण्याचं धोरण काढलं. सी-डॅकची बॉस लिनक्स २००७ पासून आहे. कागदावर सगळं आहे. पण धोरण बोलतं सॉफ्टवेअरबद्दल, आणि आपण खरेदी करतो प्रिंटर, वायफायचा डोंगल आणि अंगठ्याचं मशीन. ती खरेदी गावातच होते, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक यांच्या सहीने. केरळच्या शाळा गेली दोन दशकं लिनक्सवर शिकवतायत. सगळ्या राज्याने एक प्रणाली ठरवली की दुकानदार झक मारत तिच्यावर चालणारंच सामान आणतो. आपल्याकडं दुकानदार आणेल ते सामान, आणि सामान सांगेल ती प्रणाली.

म्हणून पुढच्या कोटेशनमध्ये एक ओळ घाला: "सर्व उपकरणे लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर सुरू करून वायफाय, आवाज, प्रिंट व मराठी टायपिंग दाखवल्यानंतरच बिल अदा केले जाईल." लाइव्ह पेनड्राइव्हने जुन्या डिस्कवर काही पुसलं जात नाही, फक्त मशीन त्यावरून चालू होतं. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, मात्र आधी त्यातली लग्नाची गाणी दुसरीकडे काढून ठेवा, कारण तो पूर्ण पुसला जातो. दुकानात उभं राहून तपासायला अर्धा तास लागतो. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.