मंगळावरचा सिग्नल आणि खोडदची जाळी

इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात नावडता विषय कोणता? बहुतेक जण सांगतील, मायक्रोवेव्ह! आमच्या नागपूरकडेही वेगळं काही नव्हतं. पाठ केलेला स्मिथ चार्ट आणि लॅबमध्ये एका क्लायस्ट्रॉन बेंचभोवती कोंडाळं करून उभी असलेली पोरं. एम्बेडेड सिस्टिम्स हा वेगळा पेपर, वेगळ्या सेमिस्टरला. या दोन विषयांचं आपसात काही नातं आहे हे परीक्षेपुरतं कळायची गरजच नसते. ते नातं दाखवणारी एक खरी गोष्ट मात्र आपल्या महाराष्ट्रातच घडली आहे, नारायणगावजवळच्या खोडद गावात.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९६३ साली डॉ. गोविंद स्वरूप अमेरिकेतून परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (म्हणजे आपली टीआयएफआर) रुजू झाले. ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या ३२ छोट्या डिशेस त्यांच्या गटाने १९६५ मध्ये उभ्या केल्या आणि सूर्याचा अभ्यास सुरू केला. कुठे? तर कल्याणला! हो, लोकलवालं कल्याण. पुढे १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली आणि नंतर आली खोडदची जीएमआरटी.

जीएमआरटी म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशेस. त्यातल्या १४ मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये, बाकीच्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर, आणि सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. एवढ्या मोठ्या डिशेस पत्र्याच्या बनवायच्या म्हटलं तर वजन, वारा आणि खर्च या तिघांनी मिळून प्रकल्प गुंडाळला असता. इथेच तो नावडता विषय कामाला आला. लाटेच्या लांबीच्या मानाने छिद्र बरंच लहान असेल, तर लाटेला ते छिद्र दिसतच नाही! जीएमआरटीची सगळ्यात आखूड लाट साधारण २१ सेंटिमीटरची. मग पत्रा कशाला हवा? स्टीलच्या बारीक तारेची जाळी पुरते. मध्यभागी १० मिलिमीटरची घरं, कडेकडेला २० मिलिमीटरची. वारा आरपार जातो, सिग्नल मात्र परत फिरतो. दोऱ्यांच्या ताणावर बसवलेल्या या जाळीचं डिझाईन इथलंच. थोडक्यात, पैसा कमी म्हणून जरा लांब लाटा निवडल्या, आणि लांब लाटा म्हणून जाळी चालली. काटकसर आणि फिजिक्स यांचं इतकं छान जमलेलं लग्न मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता येऊ १९ ऑक्टोबर २०१६ वर. युरोपचं शियापारेली नावाचं यान त्या दिवशी मंगळावर उतरत होतं. त्यावरचा ट्रान्समीटर मोजक्या वॅटचा, फ्रीक्वेन्सी ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. सिग्नलला पृथ्वीवर पोचायला जवळपास पावणेदहा मिनिटं लागत होती. तेव्हा चालू असलेल्या अपग्रेडमुळे ही फ्रीक्वेन्सी जीएमआरटीच्या आवाक्यात आली होती. खोडदला तो सिग्नल ऐकू आला. यानाचा वेग बदलला की फ्रीक्वेन्सी सरकते (तोच तो डॉपलर), त्यामुळे पॅराशूट उघडल्याचंसुद्धा इथे कळलं. आणि मग, यान जमिनीला टेकायच्या थोडं आधी, सिग्नल बंद पडला.

काय झालं होतं? यानासोबतच मंगळापर्यंत गेलेल्या ऑर्बिटरकडे जो डेटा पोचला होता, त्यातून नंतर उलगडा झाला. पॅराशूटखाली यान जोरात गरगरलं आणि गती मोजणारा सेन्सर साधारण एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेवर अडकून बसला. सॉफ्टवेअरने ते आकडे खरे मानून गणित केलं आणि उंची आली चक्क मायनसमध्ये! म्हणजे यानाच्या मते ते जमिनीच्या खाली होतं. झालं.. त्याने पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं तीनेक सेकंद चालवून बंद केली आणि उतरल्यानंतरची कामं सुरू केली. प्रत्यक्षात ते अजून ३.७ किलोमीटर वर होतं.

उंची शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, हे तपासायला कोडच्या किती ओळी लागतात हो? आपण रोज ऑफिसात जे इनपुट व्हॅलिडेशन कंटाळत लिहितो, तेच हे. रेडिओ लिंक उत्तम चालली, कोट्यवधी किलोमीटरवरून सगळं ऐकू आलं, पण आतला कोड चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून बसला. एक पेपर डिस्टिंक्शनने पास, दुसऱ्यात नापास, आणि निकाल दोन्हींचा एकत्रच लागतो.

अजून एक बाजू आहे, ती आपल्या सगळ्यांच्या अंगाशी येणारी. एक वॅटचा साधा जीएसएम मोबाईल चंद्रावर नेऊन चालू केला असं समजा. दोनशे किलोहर्ट्झच्या चॅनेलमधली त्याची शक्ती पृथ्वीवर किती पोचेल याचं गणित केलं, तर उत्तर सुमारे २७० जान्स्की येतं. (जान्स्की हे रेडिओ खगोलशास्त्राचं एकक.) आकाशात याहून तेजस्वी रेडिओ स्रोत अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. चंद्रावरच्या मोबाईलची ही कथा, मग खोडदच्या शेजारच्या शिवारातल्या मोबाईलचं काय? सह्याद्रीच्या डोंगरांचा आडोसा आणि शहरापासूनचं अंतर बघून ती जागा निवडली गेली होती. तेव्हा खिशात मोबाईल नव्हते, आणि शेतातल्या पंपापासून घरातल्या बल्बपर्यंत प्रत्येक वस्तूला वायरलेस चिप बसवायची हौसही नव्हती. ती चिप बसवणारे, तिचा कोड लिहिणारे आपणच. आपलं उपकरण आपलं काम करतं की नाही हे आपण तपासतो. ते आजूबाजूला किती कचरा सांडतं, हे मात्र सर्टिफिकेशनवाल्यांची कटकट म्हणून सोडून देतो.

शेतीला पाणी लागतं तशी या दुर्बिणीला शांतता लागते, आणि तीही पाण्यासारखीच उपसून संपते. त्या शांततेच्या जोरावर या दुर्बिणीने काय केलं? २०२० मध्ये सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या संथ गुणगुणीचा पुरावा जगासमोर आला, त्यातही खोडदची निरीक्षणं होती.

म्हणून ज्युनिअर पोरांना माझं एवढंच सांगणं, की या दोन विषयांच्या वह्या एकाच बॅगेत ठेवा. आणि पुणे-नाशिक रस्त्याने जाणं झालं, तर नारायणगावला थोडं आत वळून त्या जाळ्या लांबूनच बघून या. आरपार आभाळ दिसतं. फक्त मोबाईल बंद ठेवा!