फुकटचे श्रोते

२३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईंत ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’च्या केंद्राचें उद्घाटन झालें. केंद्राची शक्ति दीड किलोवॅट, आणि तिचा भरंवशाचा पल्ला सुमारें तीस मैलांचा. खाडीपलीकडचें पनवेल मुंबईच्या कोटापासून सरळ रेषेंत वीस मैलांच्या आंत. अर्थात् तें या वर्तुळांत सहज येत होतें. मुंबईचें गाणें पनवेलच्या छपरांवर पोंचे, तें खालीं कोणी पैसे भरले आहेत हें न विचारतां. येथेंच एका वादाचें बीज पडलें. जें आकाशांतून सर्वांकडे सारखेंच येतें, त्याचें मोल कोणाकडून व कसें घ्यावयाचें?

परवान्याची वार्षिक फी दहा रुपये होती व तींतील आठ रुपये कंपनीस मिळत. परंतु १९२७ अखेर सबंध देशांत परवाने निघाले अवघे ३,५९४. यंत्रें महाग होतीं, भांडवल तुटपुंजें होतें, हें खरें; तरी परवान्यावांचून ऐकणाऱ्या फुकट्या श्रोत्यांनींही कंपनीचें उत्पन्न पोखरलें. १ मार्च १९३० रोजीं तिचा कारभार गुंडाळण्यांत आला आणि पुढें सरकारनें तो हातीं घेतला. नुसतें यंत्र बाळगणें १८८५ च्या तारायंत्र कायद्यांत नीट सांपडत नव्हतें. ही पळवाट १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानें बुजविली. परवान्यावांचून यंत्र बाळगल्यास पहिल्या गुन्ह्यास शंभर रुपयांपर्यंत, व पुढील प्रत्येक गुन्ह्यास अडीचशें रुपयांपर्यंत दंड ठरला.

मात्र त्या काळच्या फुकट्या श्रोत्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. लहर त्याच्या घरांत येई. त्याच्या घरांतून बाहेर कांहींच जात नसे. भय होतें तें दंडाचें, घरफोडीचें नव्हे.

सहा दशकांनंतर तोच वाद उपग्रहाच्या उंचीवर गेला. १९९१-९२ पासून परदेशी व खासगी वाहिन्या छत्र्यांवर उतरूं लागल्या, गल्लोगल्लीं केबलचें जाळें पसरलें, आणि १९९५ सालीं त्या धंद्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. २००३ पासून थेट घरोघरच्या छत्रीवर उपग्रहाची सेवा सुरू झाली. मुंबईंतील केबल २०१२ सालीं सांकेतिक झाली. उरलेल्या नागरी क्षेत्रांना ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत देण्यांत आली. पनवेल त्या वेळीं नगरपरिषदेचेंच गांव होतें.

या युगांत परवान्याची जागा किल्लीनें घेतली. चित्र सर्वांच्या छपरावर येतें, पण विस्कटलेलें. तें जुळविणारी किल्ली दर कांहीं सेकंदांनीं बदलते व स्वतःही गुप्तरूपानें त्याच लहरींतून येते. ती उलगडण्याचें सामर्थ्य वर्गणीदाराच्या कार्डांत असतें. कुलूप सबंध देशाचें, किल्ली मात्र घरोघर, अशी ही योजना.

तिला युक्तिबाजांनीं जो छेद दिला, तो म्हणजे ‘कार्ड शेअरिंग’. यांत कार्ड जागचें हलत नाहीं. एका घरांतील कार्डानें उलगडलेली किल्ली इंटरनेटवरून त्याच क्षणीं दहा किंवा हजार घरांना पोंचविली जाते, आणि एका वर्गणीवर सारे पाहतात. शेजारधर्म म्हणून सुरू होणारी ही गोष्ट लौकरच चोरटा व्यापार बनते.

कायदा तिला शेजारधर्म मानीत नाहीं. सेवेच्या करारानें कार्ड एका वर्गणीदारापुरतें बांधलेलें असतें; तें बाहेर वांटल्याचें दिसतांच सेवा बंद होऊं शकते. शिवाय कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं घातलेल्या ६५-अ कलमान्वयें, हक्कभंगाच्या हेतूनें असें तांत्रिक कुलूप चुकविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडही होऊं शकतो.

परंतु दंडाहून मोठा धोका घरांतच आहे. चोरटी किल्ली घेणाऱ्याचें यंत्र अहोरात्र एका अनोळखी संगणकाशीं जोडलेलें राहतें, आणि त्यांत बहुधा त्याच अनोळखी हातानें दिलेली आज्ञावली चालते. ज्या जोडणीवर हें यंत्र, तिच्यावरच घरांतल्या माणसांचे फोन, बँकेचे व्यवहार व खासगी पत्रें. विक्रेत्यापाशीं गिऱ्हाइकाचा इंटरनेटवरील पत्ता असतो, पैसे दिल्याची खूणही असते. त्यानें फसविलें तर तक्रार कोणाकडे करावी? आणि तो पकडला गेला, तर त्याच्या संगणकांतली यादीच गिऱ्हाइकांविरुद्ध साक्ष देऊं शकते.

१९२७ चा फुकट्या श्रोता दार लावून निर्धास्त ऐकत बसे. त्याचा आजचा वारस महिन्याचे कांहीं रुपये वांचवितो खरा. पण त्यासाठीं आपलेंच दार आंतून उघडून ठेवतो.