खात, चिति आणि मोजमापाची वही

घर बांधून झाले की त्याचे दगडविटा दिसतात. त्यांचा हिशेब दिसत नाही. पाया किती खोल गेला होता, हे तो बुजल्यावर कोणी सांगावे? तरीही मालकाने पैसे दिलेले असतात आणि खोदणाऱ्याने ते घेतलेले असतात. या दोघांमधला साक्षीदार म्हणजे मोजमाप. ही विद्या आपल्याकडे कशी शिकविली गेली, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

सर्वसाधारण समजूत अशी, की बांधकामाची मोजणी करून परिमाणपत्रक तयार करणे ही इंग्रजी अमदानीची देणगी होय. यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे शोधावयाचे तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’कडे वळावे लागते. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथाचे नाव घेताच आपणांस मधमाश्या आणि कमळे आठवतात. पण त्याच ग्रंथात खातव्यवहार, चितिव्यवहार आणि क्रकचव्यवहार अशी प्रकरणे आहेत. खात म्हणजे खोदकाम, चिति म्हणजे विटा-दगडांची रास आणि क्रकच म्हणजे करवत. पाथरवट, गवंडी आणि सुतार यांच्या कामाचेच हे गणित आहे.

त्यातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. एका बारवेचे तोंड १२ हात लांब व १० हात रुंद. तळ त्याच्या निम्मा, म्हणजे ६ बाय ५. खोली ७ हात. खोदकाम किती झाले? घाईचा मनुष्य लांबीरुंदीची सरासरी काढील: ९ गुणिले साडेसात गुणिले ७, म्हणजे ४७२।। घनहात. दुसरा तोंडाचे व तळाचे क्षेत्रफळ घेऊन त्यांची सरासरी काढील आणि त्याला ५२५ मिळतील. पहिल्या रीतीने खोदणारा बुडाला, दुसरीने मालक बुडाला. भास्कराचार्य सांगतात, तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३० आणि दोन्ही लांब्यांची व दोन्ही रुंद्यांची बेरीज घेऊन येणारे २७०, यांची एकूण ४२० होते. तिला सहाने भागा, म्हणजे ७० आले. त्यास खोलीने गुणा. उत्तर ४९०. हे बिनचूक आहे.

ही दृष्टी त्यांच्याही आधीची आहे. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने वरील दोन्ही चुकीच्या रीती नोंदवून त्यांच्यातील फरकाचा तिसरा भाग लहान उत्तरात मिळविण्यास सांगितले. ५२५ वजा ४७२।। म्हणजे ५२।।; त्याचा तिसरा भाग १७।।; तो मिळविला की पुन्हा ४९०! चुकीच्या दोन मापांतून खरे माप काढण्याची ही युक्ती पाहून आम्हांस नेहमीच कौतुक वाटते. एकोणिसाव्या शतकातील रेल्वेच्या इंजिनियरांनी मातीकामासाठी जे सूत्र वापरले, ते तत्त्वतः हेच.

परंतु आमच्या मते याहूनही मोलाची गोष्ट भास्कराचार्यांनी पुढे सांगितली आहे. खोदकाम, विटांची वा दगडांची रास आणि लाकूड कापणे यांचे मोल कारागिरांशी ठरवून द्यावे, आणि ते पदार्थाच्या मऊपणा-कठीणपणावर अवलंबून राहील, असे ते म्हणतात. म्हणजे परिमाण हे गणिताने ठरते, दर हा संमतीने ठरतो. मुरुमाचा घनहात आणि काळ्या खडकाचा घनहात मापाने एकच. दामाने एक नव्हे. आजच्या परिमाणपत्रकात परिमाण आणि दर हे रकाने वेगळे असतात, त्याचे मर्म हेच. दर पटला नाही तर त्यावर घासाघीस करावी. त्यासाठी माप वाकवू नये.

ही विद्या शिकविण्याची सोयही होती. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे नमूद आहे.

आता इंग्रजी अमदानीचा अर्धा भाग. १८५४ साली पुण्यात सरकारी बांधकामांकरिता हाताखालचे अधिकारी तयार करणारा इंजिनियरिंगचा वर्ग निघाला; तोच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आला. सार्वजनिक बांधकाम खात्याने जी नवी गोष्ट आणली ती सूत्र नव्हे, वही होय. पाने क्रमांक घातलेली, नोंद जागेवरच, शाईने, खाडाखोड नाही, चूक झाली तर रेघ मारून सही. संख्या, लांबी, रुंदी, उंची, परिमाण असे रकाने. शंभर घनफुटांचा ‘ब्रास’ आजही वाळू-खडीच्या व्यवहारात आपल्या तोंडी आहे, तो याच परंपरेतला.

पुढे दशमान पद्धती आली आणि १९५८ साली भारतीय मानक संस्थेने बांधकाम मोजण्याच्या रीतींचे मानक, आय.एस. १२००, प्रसिद्ध केले. त्यातील गिलाव्याचा एक नियम नवख्यास चमत्कारिक वाटतो. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट नाही. त्याहून मोठ्या, पण तीन चौरस मीटरपर्यंतच्या खिडकीची वजावट भिंतीच्या एकाच बाजूस. मालकास वाटते, ठेकेदाराने लुबाडले. वस्तुतः खिडकीच्या आतल्या कडांना केलेला गिलावा वेगळा मोजावयाचा नसतो; त्याची भरपाई तेथे झालेली असते. नियम ठाऊक नसला की न्यायही अन्याय वाटतो.

आणि नियम ठाऊक असूनही न पाळला, तर काय होते? रस्त्याच्या भरावासाठी माती काढताना खड्ड्यात मधून मधून मूळ जमिनीचे खुंट राखून ठेवतात, खोली त्यांवरून मोजता यावी म्हणून. खुंटाच्या माथ्यावर गुपचूप भर घातली की खोली वाढते आणि सरकारचे पैसे जातात. उलट, टेपचे टोक थोडे आत धरले की वडाराच्या दिवसभराच्या घामातले काही घनफूट नाहीसे होतात, आणि त्याला ते वाचता येत नसेल तर दाद कोणाकडे मागावी?

म्हणून ही विद्या शिकणाऱ्याने गुणाकार शिकला म्हणजे पुरे झाले, असे नाही. आज संगणक तो क्षणात करून देतो. पण टेपचे दुसरे टोक कोणी तरी मनुष्यच धरतो. बारवेच्या त्या ४९० घनहातांत एक हात खोदणाऱ्याचा कमी नाही आणि एक हात मालकाचा जास्त नाही. हेच आम्हांस या इतिहासाचे सार वाटते.