वॉरंटीतला लॅपटॉप आणि ग्राहकाची पायपीट

लॅपटॉपचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच राहतो. खरेदीला जेमतेम दहा महिने झालेले असतात, त्यामुळे ग्राहक निर्धास्त असतो. 'वॉरंटी आहे ना' असे म्हणत तो सेवा केंद्र गाठतो आणि वॉरंटी म्हणजे सरसकट फुकट दुरुस्तीचे वचन नव्हे, हे त्याला तिथे प्रथमच कळते. परीक्षा तोंडावर आलेला विद्यार्थी असो किंवा लॅपटॉपवरच पोट असलेला भाषांतरकार, यंत्र दोन-तीन आठवडे हातात नसणे ही त्यांच्या दृष्टीने निव्वळ गैरसोय नसते.

हमीत काय, हमीबाहेर काय

नव्या लॅपटॉपला उत्पादक साधारणपणे एक वर्षाची वॉरंटी देतात. ती सदोष सुटे भाग आणि सदोष जुळणी यांच्यापुरती असते. पडून फुटलेला पडदा, कळफलकावर सांडलेला चहा किंवा बाहेरच्या कारागिराने उघडलेले यंत्र यांना ती लागू होत नाही. जादा पैसे मोजून वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली, तरी बॅटरीची हमी बहुधा एका वर्षातच संपते; बॅटरीची क्षमता हळूहळू घटणे ही झीज मानली जाते. आतील माहितीची जबाबदारी तर कोणतीच कंपनी घेत नाही.

पहिला घोळ होतो तो तारखेचा. कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकला की वॉरंटीची मुदत दिसते, पण ती पुष्कळदा माल कारखान्यातून निघाल्याच्या दिवसापासून मोजलेली असते. लॅपटॉप दुकानात चार महिने पडून राहिला असेल, तर तेवढे महिने ग्राहकाच्या खात्यातून वजा झालेले दिसतात. खरेदीचे बिल पाठवून ही तारीख दुरुस्त करून घेता येते. ते काम बिघाड होण्याआधीच उरकलेले बरे. अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाच्याने आणलेल्या लॅपटॉपबाबत आणखी सावध राहावे लागते. काही उत्पादकांची वॉरंटी जगभर चालते, काहींची खरेदीच्या देशापुरतीच असते, तर काहींच्या बाबतीत ती भारतात रीतसर वर्ग करून घ्यावी लागते.

यंत्र हवाली करण्यापूर्वी

मधूनच उद्भवणारा दोष तंत्रज्ञासमोर नेमका दडी मारतो आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून यंत्र परत येते. म्हणून दोष दिसताच मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवावे. बहुतेक लॅपटॉपमध्ये तपासणीची अंगभूत सोय असते. डेलच्या यंत्रात सुरू होतानाच एफ-१२, तर एचपीच्या यंत्रात एफ-२ ही कळ दाबून ती उघडते. तपासणीत एखादा भाग नापास झाल्यास पडद्यावर येणारा सांकेतिक क्रमांक टिपून घ्यावा. दूरध्वनीवरचा प्रतिनिधी 'पुन्हा चालू-बंद करून पाहा' या पाढ्यापासून सुरुवात करतो. हा क्रमांक हाताशी असला की पाढा बराच आखूड होतो.

माहितीची दुसरी प्रत काढणे अनिवार्यच आहे. एक बाब मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विंडोजच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डवरील एका चिपशी बांधलेली असते. मदरबोर्ड बदलला की डिस्क ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते. तो हाताशी नसेल तर दुरुस्ती चोख होऊनही आतला मजकूर कायमचा बंद होतो. हा क्रमांक सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेला असतो. तो आधीच उतरवून घ्यावा.

सेवा केंद्रात मिळणारी जॉबशीट हा साऱ्या प्रकरणाचा कणा. तक्रारीचे नेमके वर्णन, अनुक्रमांक, यंत्राची बाह्य स्थिती आणि स्वीकारल्याची तारीख तिच्यात आहे ना, ते वाचल्याशिवाय सही करू नये. 'लॅपटॉप चालत नाही' या तीन शब्दांवर पुढे काहीच सिद्ध होत नाही. यंत्र देताना चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत, कारण सर्वाधिक वाद होतात ते 'आत द्रव गेल्याच्या खुणा आहेत' या शेऱ्यावरून. कंपनी या कारणाने वॉरंटी नाकारत असेल, तर तो नकार लेखी आणि उघडलेल्या यंत्राच्या छायाचित्रांसह मागावा. तोंडी नकार ऐकून, खिशातून पैसे भरून घरी परतणे ही ग्राहकाची सर्वांत महागडी चूक ठरते. संभाषण दूरध्वनीवर झाले तरी त्याचा सारांश त्याच दिवशी ई-मेलने कंपनीला कळवावा.

दोष आपल्या एकट्याच्याच यंत्रात आहे, असेही गृहीत धरू नये. सोनीने बनवलेल्या सदोष बॅटऱ्यांमुळे ऑगस्ट २००६मध्ये डेलने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. २००८मध्ये एनव्हिडियाने आपल्या काही ग्राफिक्स चिपमधील दोष मान्य केला; डेल आणि एचपीने अशा चिप असलेल्या लॅपटॉपची वॉरंटी वाढवली. अ‍ॅपलने २०१८मध्ये मॅकबुकच्या काही कळफलकांसाठी अशीच मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. वॉरंटी संपलेली असली, तरी आपले मॉडेल अशा एखाद्या योजनेत बसते का, हे पाहणे फायद्याचे ठरते.

दाद कुठे मागावी

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार ही पहिली पायरी. खरेदी ऑनलाइन झाली असेल, तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. तिचा क्रमांक १९१५. ही हेल्पलाइन निवाडा करत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न करते. तरीही सेवा केंद्राच्या खिडकीवर न हलणारी फाइल पुष्कळदा इथून हलते.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. १९८६च्या कायद्यातील 'मंच' २०१९च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'आयोग' झाला. हा कायदा जुलै २०२०पासून अमलात आहे. त्यातली मोठी सोय अशी की, कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेच तक्रार दाखल करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. विक्रेता, उत्पादक आणि सेवा केंद्र या तिघांनाही पक्षकार करावे, अन्यथा जबाबदारी एकमेकांकडे ढकलली जाते. दोष प्रयोगशाळेत तपासावा लागला तर पाच महिन्यांत, एरवी तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांचे गणित वेगळे असते.

आयोग दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे किंवा नुकसानभरपाई असे आदेश देऊ शकतो. मात्र एकदा बिघाड झाला म्हणून नवा लॅपटॉप मिळेलच, अशी आशा बाळगू नये. तोच दोष दुरुस्तीनंतरही पुन:पुन्हा उद्भवला, हे दाखवणाऱ्या तीन-चार जॉबशीट ग्राहकाची बाजू भक्कम करतात. करबचतीसाठी बिल संस्थेच्या नावाने घेणाऱ्यांनी आधीच विचार करावा. व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी कायद्याच्या 'ग्राहक' या व्याख्येबाहेर जाते. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी केलेल्या खरेदीचा तेवढा अपवाद आहे.

दुरुस्त लॅपटॉप ताब्यात घेताना तो तिथेच सुरू करून पडदा, कळफलक, चार्जिंग आणि बिजागऱ्या तपासाव्यात. कोणता भाग बदलला आणि त्याला किती दिवसांची हमी, हे जॉबशीटवर लिहून घ्यावे. मदरबोर्ड बदलला असेल तर यंत्राचा मूळ अनुक्रमांक तंत्रज्ञाला नव्या बोर्डात नोंदवावा लागतो. तो राहून गेला तर पुढच्या बिघाडाच्या वेळी कंपनीची यंत्रणा तो लॅपटॉप ओळखतच नाही.