अक्षरांना फुटलेला स्वर

अंध मनुष्याने छापील पुस्तक वाचावयाचे कसे? ब्रेल लिपीने एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे एक उत्तर दिले. परंतु त्यासाठी प्रत्येक ग्रंथ उठावाच्या ठिपक्यांत नव्याने उतरवावा लागे. घरी येणारे साधे वर्तमानपत्र अंधांना मुकेच राहिले. त्या मुक्या कागदाला स्वर देण्याचा एक धाडसी प्रयत्न इंग्लंडातील बर्मिंगहॅम विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे अध्यापक एडमंड फोर्निए दाल्ब यांनी केला.

प्रकाश पडला की सेलेनियमचा विजेला होणारा विरोध घटतो, हे १८७३ पासून ज्ञात होते. या गुणाच्या आधारे दाल्ब यांनी १९१२ साली ‘ऑप्टोफोन’ हे यंत्र रचले. आरंभी त्याच्या आवाजावरून खिडकी कोणत्या बाजूस आहे एवढेच कळे. पुढे त्यांनी छापील ओळींसाठी निराळे यंत्र केले. त्यात एकाखाली एक असे प्रकाशबिंदू अक्षरांवरून सरकत. वरच्या बिंदूचा स्वर उंच, खालच्याचा खर्जातला. सुधारलेल्या यंत्रात इंग्रजी ‘व्ही’ आला की स्वर खाली उतरून पुन्हा वर चढत.

मेरी जेमसन या अंध तरुणीने १९१८ साली त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. आरंभी एकेका शब्दाला मिनिट लागे; पुढे चिकाटीने त्यांनी मिनिटाला सुमारे ६० शब्दांपर्यंत मजल मारली. तथापि इतरांपैकी फार थोड्यांना हे साधले.

असे का व्हावे? दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेने वाचनयंत्राचे संशोधन हाती घेतले. तेथे नानाविध ध्वनिसंकेत पारखले गेले; बोलण्याच्या वेगाने एकही समजेना. त्या शोधातून वाणीचे रहस्य उलगडले. ‘कि’ आणि ‘कु’ म्हणून पाहा : ‘क’ उच्चारतानाच ओठ पुढच्या स्वराच्या तयारीला लागतात. बोलण्यातले ध्वनी मण्यांसारखे सुटे नसतात, ते एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणूनच कान ते इतक्या वेगाने टिपतो. तेव्हा यंत्राने अक्षरे वाजवून भागणार नव्हते, त्याला बोलावयास शिकविणे प्राप्त होते. १९७६ साली अमेरिकेत रे कुर्झवाइल यांचे यंत्र छापील मजकूर मोठ्याने वाचू लागले.

आज खिशातला फोनही हे काम करतो. यंत्र मजकूर वाचते की नाही, एवढ्याने त्याची परीक्षा पुरी होत नाही. ऐकणाऱ्याला अर्थ सुखाने कळतो की नाही, हेच खरे मोजमाप. ते जगाला प्रथम दाखविणाऱ्यांत मेरी जेमसन यांचे नाव घेतले पाहिजे.