पटावरचं नाव, कामावरचं मूल

मी मूळचा इंजिनीयर. कारखान्यात हजेरी लागली की मजुरी मिळते; गरिबाच्या मुलाची शाळेत हजेरी लागली की मजुरी बुडते. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडलं : मुलं गुरं राखतात, शेतात लागतात, शाळेत यायला हवीत तर शिष्यवृत्त्या, बक्षिसं द्या. आमच्या हैदराबादेत १९१० मध्ये भाग्यरेड्डी वर्मांनी ईसामिया बाजारात अस्पृश्य गणलेल्या मुलांसाठी शाळा काढली. दार उघडलं, पण पोटाचा प्रश्न उरलाच. शेजारच्या रंगारेड्डी जिल्ह्यात १९९१ पासून शांता सिन्हांच्या एम. व्ही. फाउंडेशननं मुलं कामावरून सोडवली, निवासी शिबिरांत तयारी करून घेतली आणि वयानुसार वर्गात बसवली. थोडक्यात, ही मुलं ‘ढ’ नव्हतीच, कामावर होती. म्हणून निकाल बघण्याआधी हजेरीपट उघडावा.